नोकरी करून रात्री जीएसटीची कामं घेताय? आधी घराच्या हप्त्याचं बघा

बीकॉम झालंय, टॅली येतं, दिवसा कुठेतरी अकाउंट्सला नोकरी आहे आणि रात्री चार-दोन दुकानांचं जीएसटी बघावं असं डोक्यात घोळतंय, अशा पोरापोरींसाठी हे लिहितोय. मी भोसरी एमआयडीसीत नोकरी करतो, राहायला मोशीला, आणि रात्री पार्ट्यांची, म्हणजे माझ्याकडे काम देणाऱ्या दुकानदारांची, जीएसटी रिटर्नं भरतो. आर-वन (विक्रीचं रिटर्न), थ्रीबी (कर भरायचं रिटर्न), टूबी (खरेदीवर भरलेल्या कराच्या क्रेडिटचं, म्हणजे वजावटीचं, पोर्टलवर येणारं स्टेटमेंट) हे तुम्हाला माहीतच असणार, ते शिकवत बसत नाही. कामात तसं काही अवघड नाहीये, पण ते घरात किती घुसतं हे कुणी आधी सांगत नाही.

सगळे म्हणतात रोजचे दोन तास द्यायचे फक्त. रोजचे वगैरे काही नसतं हो. ११ तारखेला आर-वन, १४ ला टूबी येणार, २० ला थ्रीबी, म्हणजे महिन्याचे पहिले आठ दिवस तुम्ही बिलं मागत फिरणार आणि पार्टी म्हणणार "पाठवतो की, पळून चाललोय का", आणि मग पुढच्या बारा दिवसांत सगळं एकदम अंगावर. बिलं येतात ती पण कशी, तर किराणाच्या पिशवीत कोंबून, त्यात पेट्रोल पंपाच्या पावत्या, घरच्या मिक्सरचं बिल, आणि ती थर्मल कागदाची बिलं जी महिनाभर गल्ल्यापाशी उन्हात पडून कोरी झालेली. एका हार्डवेअरवाल्या काकांची पिशवी मी अजूनही कपाळाला हात लावूनच उघडतो.

आणि ओटीपी. ईव्हीसीने (सहीऐवजी ओटीपी टाकून) फाईल करायचं म्हणजे ओटीपी जाणार पार्टीच्या मोबाईलवर. पोरीच्या गॅदरिंगला बसलोय, तिचा कोळीडान्स स्टेजवर सुरू, आणि मी खुर्चीखाली वाकून हळू आवाजात "काका, मेसेज आला का बघा ना", तिकडून "थांब, गिऱ्हाईक आहे". परत लावला तर "कुठला मेसेज? इथं तर बँकेचा आलाय". तोवर डान्स संपला. बायको काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पण हा झाला त्रास. त्रास कमी करता येतो, खाली सांगतो. खरा सापळा दुसराच आहे आणि तो मी जरा लांबवून सांगणार आहे, कारण माझ्या आजूबाजूला यातच जास्त लोक अडकलेत, माझ्यासकट.

कसं होतं बघा. तुम्ही वरकमाई सुरू करता, प्रामाणिकपणे आयटीआरमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये, दाखवता. दाखवायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. दोन-तीन वर्षं गेली की घर घ्यायचा विषय निघतो. बँकेत गेलात की तो माणूस पगाराची स्लिप बघतो, मग मागचे आयटीआर बघतो आणि हसून म्हणतो, सर तुम्हाला जास्त लोन बसतंय की! आपल्याला वाटतं लॉटरी लागली. म्हणजे नुसत्या पगारावर समजा ४० लाख बसत होते, तर वरकमाई धरून ५५ बसतात. मग वन बीएचके बघायला गेलेला माणूस टू बीएचकेचं टोकन देऊन येतो.

आता हिशोब करा. २०२१ ला व्याज ७ टक्क्यांच्या आसपास होतं. २० वर्षांच्या मुदतीला त्या वरच्या १५ लाखांचा हप्ता येतो साधारण ११,६०० रुपये. छोट्या दुकानाच्या महिन्याच्या रिटर्नला १,५०० घेत असाल तर ही झाली आठ पार्ट्यांची फी. म्हणजे ती जास्तीची बेडरूम आठ पार्ट्यांच्या जिवावर उभी आहे आणि पुढची २० वर्षं त्यातली एकही सुटता कामा नये, एक गेली तर दुसरी शोधायची. काल जे काम हौसेचं होतं, कंटाळा आला तर सोडून देईन म्हणत होतात, ते आज सोडताच येत नाही. बँकेने तुमच्या रात्री पण तारण धरल्या, नुसता फ्लॅट नाही. कागदावर कुठे लिहिलेलं नसतं एवढंच.

बरं, इथंच थांबत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. आपली कर्जं फ्लोटिंग, म्हणजे दर वाढला की व्याजही वाढणार. बँकेने आधी मुदत ताणली, ताणून भागेना तेव्हा हप्ता वाढवला. तेव्हा माझ्यासारख्यांनी काय केलं? अजून पार्ट्या घेतल्या. पगार तर वर्षातून एकदा वाढणार, तोही साहेबाच्या मर्जीने, मग चटकन वाढवता येणारी गोष्ट एकच, आपली रात्र. आई म्हणायची, "अरे जेवताना तरी तो फोन पालथा ठेव." २० तारीख झाली की ठेवतो म्हणायचो. पण दर महिन्याला २० तारीख असते ना.

आणि एक, ही गोष्ट हळूहळू होते. एका रात्रीत कुणी बिघडत नाही, त्यामुळे घरचे पण ओरडत नाहीत. ते फक्त तुम्हाला धरून प्लॅन करायचं सोडून देतात. लग्नाला कोण कोण जाणार विचारलं की तुमचं नाव आपोआप गळतं, आणि तुम्हाला वाटतं बरं झालं, समजूतदार आहेत. घाबरवायला सांगत नाहीये, पण हे दिसायला लागलं तर समजा की पाणी डोक्यावरून चाललंय.

यावर माझ्याकडे एकच पक्का उपाय आहे. हप्ता पगारावरच बांधायचा. बँक कितीही देऊ दे. वरकमाईतून एक रुपयाचाही हप्ता बांधायचा नाही, तो पैसा प्रीपेमेंटला, म्हणजे कर्ज मुदतीआधी फेडायला, वापरायचा. फ्लोटिंग होमलोनला वैयक्तिक कर्जदाराला प्रीपेमेंट चार्ज लागत नाही, हे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नाही. साडेआठ टक्क्यांनी ४० लाख, २० वर्षं, हप्ता ३४,७०० च्या आसपास. त्यात दरवर्षी एक लाख वरकमाईतले टाकलेत तर कर्ज साधारण १३ वर्षांत संपतं. आणि ज्या वर्षी घरात बाळ आलं, आई आजारी पडली किंवा नुसता कंटाळा आला, त्या वर्षी नाही टाकलंत तर बँकेतून फोन येत नाही. पैसा तोच, कष्टही तेच, पण थांबायचं की नाही हे तुम्ही ठरवता.

ज्यांनी आधीच मोठं कर्ज उचललंय त्यांनी हातपाय गाळू नका. ऑगस्ट २०२३ च्या आरबीआयच्या सर्क्युलरप्रमाणे व्याजदर बदलताना बँकेने विचारायला हवं की हप्ता बदलू, मुदत बदलू की दोन्ही. २०२५ मध्ये दर उतरले तेव्हा बऱ्याच जणांचा हप्ता तसाच राहिला आणि मुदत कमी झाली. व्याजाच्या हिशोबाने ते चांगलंच आहे. पण तुमचा गळा हप्त्यानेच आवळला असेल तर ब्रँचमध्ये जाऊन हप्ता कमी करून घ्या, व्याज थोडं जास्त जाईल, जाऊ दे. मी तेच केलं आणि ज्या दोन पार्ट्या सगळ्यात जास्त छळायच्या त्या सोडल्या. सीए झालेला एक मित्र मला मूर्ख म्हणाला. म्हणू दे.

मार्गदर्शकांचं पण बोलून घेतो. "सात इन्कम सोर्स पाहिजेत" सांगणारे व्हिडिओवाले बघताना एक विचार करा, याच्या घरी पोरांचा अभ्यास कोण घेतं, दवाखान्यात कोण नेतं? ते कधी व्हिडिओत येत नाही. आमच्या ओळखीतले एक सिनियर "तिशीत मर मर करा, चाळिशीत आराम" सांगायचे, चाळिशी उलटून गेली तरी माणूस रविवारी ऑफिसातच. मला विचाराल तर गुरू करायचाच असेल तर ज्याच्या घरच्यांना तुम्ही एकदा तरी भेटलाय असा करा. आणि सात दिवसांत जीएसटी एक्स्पर्ट वगैरे कोर्सला पैसे घालवू नका, कुणाकडे तरी तीन महिने फुकट एन्ट्र्या मारा, त्याच्या दसपट कळेल.

ऑफिसचं थोडक्यात. अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा, बाहेरचं काम चालतं का त्यात लिहिलेलं असतं. २०२२ मध्ये विप्रोने मूनलायटिंगवरून (नोकरी करताना बाहेरचं काम केलं म्हणून) ३०० लोकांना काढलं होतं, ते आयटीवाले म्हणून आपल्याला काय त्याचं असं नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर पार्टीचं टॅली तर चुकूनही उघडू नका.

फीचं. पार्ट्या वाढवू नका, फी वाढवा. नव्या माणसाची जीभच रेटत नाही, मला माहितीये. पण पार्टी उशीर करणार, दिवसाला ५० रुपये लेट फी पोर्टल लावणार आणि नाव तुमचं जाणार. म्हणून पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून टाका की ८ तारखेनंतर आलेली बिलं पुढच्या महिन्यात. दोन महिने तोंड वाकडं करतात, मग सरळ येतात. आणि सणाचं कॅलेंडर बायकोबरोबर बसून आधीच बघा. २०२५ ला आयटीआरची तारीख जुलैवरून सप्टेंबरच्या मध्यावर गेली तेव्हा सगळे खूश, आणि गणपती बसले २७ ऑगस्टला. आरतीला घंटा वाजवतोय आणि खिशात फोन वाजतोय अशी गत बऱ्याच जणांची झाली.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला म्हणाल तर क्यूआरएमपी, म्हणजे जीएसटीची तिमाही रिटर्नची स्कीम. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेली पार्टी तिमाही रिटर्न भरू शकते, म्हणजे महाराष्ट्रात आर-वन १३ ला आणि थ्रीबी २२ ला, तेही तीन महिन्यांतून एकदा. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर फक्त पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने भरायचा. ज्यांचं गिऱ्हाईक दर महिन्याला क्रेडिट मागतं त्यांच्यासाठी आयएफएफ (त्या महिन्याची विक्रीची बिलं पोर्टलवर चढवायची सोय) आहे, तेवढं काम राहतं. बरेच जण फी कमी होईल म्हणून पार्टीला हे सांगतच नाहीत. मी फी तिमाहीची ठरवली, महिन्याच्या मानाने थोडी कमी, आणि रात्री मोकळ्या मिळाल्या. एप्रिल ते जूनच्या तिमाहीसाठी पोर्टलवर हा ऑप्शन १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल बदलता येतो. ३१ मार्चच्या गडबडीत ते राहून जातं, म्हणून फेब्रुवारीतच पार्ट्यांना फोन लावायला घ्या, आणि हार्डवेअरवाल्यांसारख्यांना दोनदा लावा.