बोट स्वस्त मिळते, बूड महागात पडतं

कोल्हापुरातून इंग्लंडला आलेल्या माणसाचे लंडनचं घरभाडं बघून डोळे पांढरे होतात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तो कालव्यावरच्या बोटींच्या जाहिराती चाळायला लागतो. जाहिरातीत फक्त खरेदीची किंमत असते. हिशेब मात्र दहा वर्षांचा मांडायला पाहिजे, कारण बोट ही जमीन नव्हे. तिची किंमत दरवर्षी उतरते, आणि घराचं कर्ज देणारी बँक तिला सहसा दारात उभं करत नाही.

सगळ्यात आधी ठरवायचं ते बोट बांधणार कुठं. ठरलेली जागा, म्हणजे मुरिंग, घेतली तर लंडनच्या आसपास तिचं वर्षाचं भाडं दहा हजार पौंडांच्याही पुढं जाऊ शकतं. त्यातही राहायला परवानगी असलेली मुरिंग वेगळी आणि नुसती बोट ठेवायची वेगळी. जागा घेतली नाही तर 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त सहसा थांबता येत नाही. शिवाय एप्रिल 2024 पासून अशा फिरत्या बोटींना कालव्यावर बोट ठेवायच्या परवान्यावर अधिभार लागतो, आणि तो टप्प्याटप्प्यानं वाढतोय. पक्का पत्ता नसला की बँक, नोकरी, व्हिसाच्या नोंदी सगळीकडं अडतं. व्हिसावर असलेल्यांनी पहिली दोन वर्षं तरी या फिरतीच्या नादाला लागू नये.

आता बोटी. नॅरोबोट 6 फूट 10 इंच रुंद असते, कारण जुन्या अरुंद कालव्यांची लॉक, म्हणजे बोट वर-खाली चढवणारी दारांची कुंडं, 7 फुटांची. 57 फूट लांबीपर्यंतची बोट कालव्यांच्या जवळपास सगळ्या जाळ्यात फिरते, त्यामुळं विकायलाही सोपी. वाइडबीम 10 ते 12 फूट रुंद, आत टू-बीएचकेचा फील. पण मिडलँड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या, अरुंद लॉकमधून ती जात नाही, उत्तरेकडं न्यायची तर क्रेन आणि ट्रेलर. परवाना, मुरिंग, बोट बाहेर काढून दुरुस्त करायचा डॉक सगळंच रुंदीप्रमाणं चढतं.

दोन्हींचा खरा खर्च पाण्याखाली आहे. नवीन नॅरोबोटीचं बूड साधारण 10 मिलिमीटर जाड पत्र्याचं, बाजू 6 ची, छत 4 चं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यानं वेल्डिंगचं काम बघितलंय त्याला सांगायला नको की गंज सगळीकडं सारखा चढत नाही, खड्डे पाडत जातो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून प्रेशरनं धुवायची, सुटा गंज खरवडायचा आणि डांबरी रंगाचे दोन-तीन हात द्यायचे. याला ब्लॅकिंग म्हणतात. 57 फुटी बोटीला हजार-बाराशे पौंड धरून चला. त्याच वेळी अॅनोड, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, बघायचे. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे लागतात, जस्ताचे खाऱ्या पाण्यासाठी. इपॉक्सी रंग जास्त वर्षं टिकतो, पण आधी ग्रिट-ब्लास्टिंग करून, म्हणजे जोरानं खडे मारून, पत्रा पांढरा केला तरच, नाहीतर पापुद्रे सुटतात.

किनाऱ्याची वीज जोडून बसणाऱ्यांनी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर आधी बसवावा. नाहीतर अर्थिंगच्या तारेतून सगळ्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात आणि शेजाऱ्याची बोट वाचवायला तुमचा पत्रा झिजतो. शेजारधर्म तेवढा नको.

पत्रा 4 मिलिमीटरच्या खाली गेला की अनेक विमा कंपन्या कुरकुर करतात. मग ओव्हरप्लेटिंग, म्हणजे जुन्यावर नवा पत्रा. 6 मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला 47 किलो भरतो. बोट तेवढी खाली बसते, बाजूची गटाराची भोकं पाण्याजवळ येतात, आणि बिल हजारांत. स्वस्तात मिळालेल्या 30 वर्षं जुन्या बोटीचं ‘स्वस्त’ इथं संपतं.

फायबरची क्रूझर गंजत नाही, खरेदीला सगळ्यात हलकी. पण भिंती पातळ, थंडीत आतून पाणी गळल्यासारखी वाफ धरते, आणि कालवा गोठला की बर्फाची धार पाण्याच्या रेषेवर जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, कापते. कुकरच्या चार शिट्ट्या आणि तांबडा रस्सा रोजचा असेल तर बुरशी पुसायचं काम कायमचं. उन्हाळ्यापुरती ठीक. जुन्या डच बार्ज, म्हणजे हॉलंडच्या मालवाहू बोटी, देखण्या असतात, पण रिव्हेटचं बूड आणि 20 मीटरच्या आसपासची लांबी पेलणारे डॉक मोजकेच. पहिली बोट म्हणून नकोच.

बाकीचं भिशीसारखं महिन्याला बाजूला टाका: दर चार वर्षांनी बोट सेफ्टीचं प्रमाणपत्र, दर 250 तासांनी इंजिन ऑइल, आणि बॅटऱ्या. साध्या लेड-अॅसिड बॅटऱ्या रोज अर्ध्याच्या खाली उतरवल्या तर चार वर्षं सोडाच, दोन हिवाळेही काढत नाहीत. नॅरोबोटीला महिना शंभर पौंड ही किमान रक्कम, वाइडबीमला दीडपट.

सौदा ठरवण्याआधी बोट तपासणारा सर्व्हेअर तुम्हीच नेमा, विकणाऱ्यानं दिलेला जुना रिपोर्ट चालवून घेऊ नका. आणि तो येण्याआधी केबिनच्या मागच्या टोकाची तपासणीची फळी उचलून खाली हात घाला. कोरडा आला तर सर्व्हेचे पैसे भरा. ओला आला तर पाणी कुठून येतंय ते विकणाऱ्याला विचारा, आणि तो ‘पावसाचं असेल’ म्हणाला तर पुढची बोट बघा.