ग्रीसच्या निवांत बेटांवर जाताय? या चुका टाळा

सात दिवसांत पाच बेटं! नाक्सोस, इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसिया, आमोर्गोस. आमचा पहिला बेत कागदावर फार देखणा होता. नकाशात ही बेटं हाकेच्या अंतरावर दिसतात, पण प्रत्येक वेळी खोली सोडा, धक्क्यावर ताटकळा, नवी खोली गाठा, यात अर्धा दिवस जातो. शेवटी दोन बेटांवर काट मारली. नाक्सोस, कूफोनिसिया, आमोर्गोस, प्रत्येकी दोन रात्री. सातवी रात्र अथेन्सला.

ही सातवी रात्र चैन म्हणून नाही. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. वर आभाळ निरभ्र, खाली समुद्र खवळलेला. वादळ म्हटलं की काळे ढग, अशी आपली सवय. त्यामुळे लख्ख उन्हात बोट रद्द झाल्याचं पटतच नाही. वारा साधारण ८ ब्यूफोर्टच्या (हे वाऱ्याचा जोर मोजायचं माप) घरात गेला की बोटी बंदरातच थांबवतात. या बंदीला तिथे ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. कोकणात बंदरावर बावटा लागतो, तसंच समजा. वेगवान कॅटमरान (जोड-सांगाड्याच्या बोटी) आधी बंद पडतात, मोठ्या संथ फेरीबोटी जास्त तग धरतात. बंदीमुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा देतात, पण चुकलेल्या विमानाचं तुमचं तुम्ही बघायचं. म्हणून बेटावरून परतायचा आणि मुंबईच्या विमानाचा दिवस एकच ठेवू नका. जमलं तर जून किंवा सप्टेंबर गाठा. १५ ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण असतो, तेव्हा बोटीही भरलेल्या आणि खोल्याही.

आमची खरी फजिती झाली ती आमोर्गोसला. बेट एक, बंदरं दोन: कातापोला आणि एगियाली. खोली कातापोलाला घेतली आणि तिकीट काढलं एगियालीचं! मग काय, डोंगरातल्या वळणांवरून टॅक्सी. तिकिटावर बेटाचं नाव बघून थांबू नका, बंदराचंही वाचा. अथेन्सकडेही तेच. पिरेयस, राफिना, लाव्रियो अशी तीन बंदरं आहेत. विमानतळावरून पिरेयसला थेट मेट्रो जाते, राफिना मात्र विमानतळाहून जवळ.

उतरतानाही गाफील राहू नका. छोट्या बेटांवर बोट जेमतेम काही मिनिटं थांबते. घोषणा झाली की सामान घेऊन खाली गाड्यांच्या मजल्यावर जाऊन उभं राहायचं. बोट लागण्याची सवय असेल तर मधल्या भागात, खालच्या बाजूला बसा. वरच्या डेकवरचे फोटो नंतर काढता येतील.

शाकाहारी मंडळी ‘नीस्तीसिमो’ हा शब्द पाठ करून जातात. म्हणजे उपासाचं. मांस, मासे, अंडी, दूधदुभतं यात वर्ज्य, पण ऑक्टोपस आणि शिंपले चालतात! तेव्हा पदार्थात काय आहे ते विचाराच. पिवळ्या डाळीचा घट्ट फावा किंवा टोमॅटोत शिजवलेल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे यीगांतेस मागवा, पोळीची आठवण येणार नाही. (येते, पण थोडी.)

स्कूटर घ्यायची तर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या आणि त्यावर दुचाकीची नोंद आहे ना, ते बघा. कूफोनिसियाला स्कूटरची गरजच नाही, बेट पायी फिरण्याजोगं आहे. थोडी रोख रक्कम मात्र जवळ असू द्या.

आमोर्गोसच्या कड्याला चिकटलेला होझोविओतिसा मठ ११व्या शतकातला. आखूड चड्डी किंवा उघडे खांदे असतील तर आत घेत नाहीत. दुपारी दारं बंद असतात, म्हणून सकाळीच पायऱ्या चढा. वर दमून पोचलेल्या पाहुण्यांना पाणी, लुकुमीची गोड वडी आणि घोटभर राकी (तिथली दारू) देण्याची तिथे रीत आहे.