बीगलबोन ब्लॅकवर युआर्ट१ साठी डिव्हाइस ट्रीमध्ये पिनमक्स कसा लावायचा

बीगलबोन ब्लॅक (छोटा लिनक्स बोर्ड) वर युआर्ट१ (सीरियल पोर्ट) चालू करायला डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नलला हार्डवेअर सांगणाऱ्या फाइलमध्ये, स्टेटस ओके केलं, बोर्ड बूट झाला, पोर्टही दिसतोय, पण वायरवर काहीच येत नाही, असं झालं की ड्रायव्हर उकरत बसण्याआधी पिनमक्स, म्हणजे कोणती पिन कोणत्या कामाला लावलीय ते बघा.

बीगलबोनवरच्या एएम३३५एक्स चिपमध्ये प्रत्येक पिनचं स्वतःचं ३२ बिटचं रजिस्टर असतं. खालचे तीन बिट म्हणजे मोड (पिनचं काम), ० ते ७, आणि ७ म्हणजे जीपीआयओ (साधी इनपुट-आउटपुट पिन). पुढे बिट ३ ने पुल (पिनला वर किंवा खाली ओढणारा आतला रेझिस्टर) बंद होतो, बिट ४ ने वर की खाली ते ठरतं आणि बिट ५ ने इनपुट चालू होतं. हा बिट ५ लक्षात ठेवा, लोक मोड बरोबर टाकतात आणि इथे गंडतात.

आधी डेटाशीट उघडून पिनांचा तक्ता बघा. युआर्ट१ चा आरएक्स (डेटा आत घेणारी पिन) पी९ हेडरच्या २६ नंबरला आहे आणि टीएक्स (बाहेर पाठवणारी) २४ ला, रजिस्टरचे ऑफसेट हेक्समध्ये ९८० आणि ९८४, दोन्हीला मोड ०. जुन्या डीटीएस (डिव्हाइस ट्रीचा सोर्स) फायलींमध्ये १८०, १८४ असे आकडे दिसतील, गोंधळू नका, तिथे सुरुवातीचे ८०० वजा केलेले असतात. आता पॅडकॉन्फ मॅक्रो आहे, त्यात पिनचं नाव, इनपुट-आउटपुट आणि मोड एवढंच द्यायचं, वजाबाकी तोच करतो.

मग पिनमक्स नोडच्या आत एक छोटा नोड बनवा आणि त्यात दोन ओळी टाका, आरएक्सला इनपुट पुलअप आणि टीएक्सला आउटपुट पुलडाउन. पण नुसता हा नोड लिहून काहीही होत नाही, कोणीतरी त्याला बोलवायला लागतं. म्हणून युआर्ट१ च्या नोडमध्ये पिनकंट्रोल-० ला त्याचं लेबल द्या, पिनकंट्रोल-नेम्समध्ये डिफॉल्ट लिहा आणि स्टेटस ओके करा. प्रोबच्या (ड्रायव्हर डिव्हाइस सुरू करतो त्या टप्प्याच्या) आधी कर्नल स्वतःच डिफॉल्ट स्टेट लावतो, ड्रायव्हरमध्ये काही लिहायची गरज नाही. फक्त डिफॉल्टचं स्पेलिंग चुकवू नका, कारण ती स्टेट सापडली नाही तर कर्नल एरर न देता गपचूप पुढे जातो, आणि मग तुम्ही बसा शोधत.

आता बिट ५ चं. आरएक्सला इनपुट लागणार हे उघडच आहे, पण याच चिपवर एसपीआय (दुसरी एक सीरियल बस) मास्टर असतानाही क्लॉकच्या पिनला इनपुट चालूच ठेवावं लागतं, कारण बाहेर गेलेला क्लॉक कंट्रोलर त्याच पिनवरून परत आत घेतो. क्लॉक म्हणजे आउटपुटच ना, असं समजून नुसतं आउटपुट टाकलं की डेटा काही धड वाचला जात नाही.

आरटीएस-सीटीएस (युआर्टच्या फ्लो कंट्रोलच्या दोन पिना) पण हवं असेल तर जरा थांबा. त्या दोन पिना बीगलबोनवर मोड ३ मध्ये आयटूसी२ या बसला दिलेल्या आहेत आणि केपचे (वर लावायच्या जोडबोर्डांचे) ईईप्रॉम, म्हणजे माहिती साठवणाऱ्या छोट्या चिप, त्याच बसवर वाचले जातात. ज्याने आधी पिन धरली त्याची ती, दुसऱ्याचं प्रोब उणे २२ या एरर कोडने फेल. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ही पिन आधीच अमुक डिव्हाइसने घेतलीय असं नावानिशी येतं, म्हणजे भांडण कोणाशी आहे ते लगेच कळतं.

तपासायला डीबगएफएस (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइलसिस्टम) माउंट करून पिनकंट्रोल फोल्डरमध्ये जा. पिनमक्स-पिन्स फाइलमध्ये कोणती पिन कोणाकडे आहे ते दिसतं, आणि पिन्स फाइलमध्ये रजिस्टरची खरी व्हॅल्यू. आपला आरएक्स म्हणजे पिन ९६, तिथे हेक्समध्ये ३० पाहिजे. शेवटचा आकडा ७ असेल तर पिन अजून जीपीआयओवरच आहे, म्हणजे लेबल किंवा स्पेलिंग चुकलंय, नाहीतर चुकीची डीटीबी (डीटीएसपासून बिल्ड केलेली फाइल) लोड झालीय. डेव्हमेमने (मेमरीत थेट लिहायचं टूल) व्हॅल्यू बदलून बघायचा मोह होतो, पण ही रजिस्टरं युजरस्पेसमधून वाचता येतात, लिहिता येत नाहीत, सो डीटीएस बदला, डीटीबी परत बिल्ड करा आणि रीबूट मारा.