सर्व्हर मधेच बसतो? यूपीएस बदलण्याआधी या चुका टाळा

मुंबईच्या उपनगरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचा लिनक्सवर चालणारा लॅब सर्व्हर मी सांभाळत होतो. प्रॅक्टिकलच्या आठवड्यात तो तीनदा बसला. पहिल्यांदा सगळ्यांनी लाइटवर संशय घेतला. खरं तर मुंबईत लाइट क्वचितच जाते, म्हणून तर १२ ऑक्टोबर २०२०चा दिवस शहराच्या एवढा लक्षात राहिला. तरीही यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या. दुसऱ्यांदा रॅम काढून घासून पुन्हा बसवली. तिसऱ्यांदा मुलांचं अर्ध्या तासाचं काम गेलं. काही जणी रडवेल्या झाल्या होत्या. तेव्हा कुठे मी तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता: या मशीनवर आत्ता कोणता कर्नल चालू आहे?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. आमचा जुना होता. त्यातल्या एका दोषामुळे साधं लॉगिन असलेला कुणीही अख्खं मशीन पाडू शकत होता. रूटचा, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनचा, पासवर्ड लागत नव्हता आणि चोरून आत शिरायचीही गरज नव्हती.

‘लोकल’ शब्द वाचून पुढे जाऊ नका

सुरक्षेच्या सूचनांमध्ये ‘लोकल युजर’ असं लिहिलेलं दिसलं की बरेच जण निश्चिंत होतात. बाहेरून हल्ला होत नाही ना, मग बघू नंतर! फक्त मशीन बंद पाडणाऱ्या अशा दोषाला सीव्हीएसएस या दोषांचं गांभीर्य मोजणाऱ्या पद्धतीत साधारण ५.५ गुण मिळतात, म्हणजे ‘मध्यम’. हा आकडा एकट्या माणसाच्या लॅपटॉपसाठी ठीक आहे. पण साठ मुलं एसएसएचने, म्हणजे आपापल्या मशीनवरून दूरस्थ लॉगिन करून, एकाच सर्व्हरवर सी प्रोग्राम चालवत असतील, तर ती साठही मुलं ‘लोकल’ आहेत. चर्चगेटहून सुटलेली गाडी थांबवायला कुणाला रुळांवर उतरावं लागत नाही, डब्यात बसलेला एक प्रवासी साखळी ओढतो आणि मागच्या गाड्याही खोळंबतात.

हे काही नवीन नाही. २००४च्या जूनमध्ये लिनक्सच्या २.४ आणि २.६ मालिकांमध्ये असाच दोष सापडला होता. फ्लोटिंग पॉइंटचा, म्हणजे दशांश गणितातला, एक एक्सेप्शन कर्नल नीट साफ करत नसे आणि त्यातच अडकून फिरत राही. एक छोटासा सी प्रोग्राम साध्या युजरने चालवला की एक्स-८६ (इंटेल धाटणीच्या प्रोसेसरचं) मशीन जागीच गोठायचं. त्याआधी १९९७मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्येच असा दोष निघाला होता, की एक चुकीची सूचना दिली की प्रोसेसर थिजायचा. तिथे चूक चिपची होती, पण उपाय ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांना करावा लागला.

अपडेट झालं म्हणजे नवा कर्नल सुरू झाला असं समजू नका

आमचं घोडं इथेच अडलं होतं. पॅकेज मॅनेजर सांगत होता, सगळं अद्ययावत आहे. नवा कर्नल डिस्कवर आलाही होता. सर्व्हर तर तीनदा आपोआप रीबूट झालेला, मग जुनाच कर्नल कसा?

ग्रबची, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रामची, सेटिंग उघडली तेव्हा कळलं. आधीच्या कुणीतरी तिथे एक जुना कर्नल कायमचा ठरवून ठेवला होता, कारण रेड (RAID) कार्डचा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डचा, ड्रायव्हर फक्त त्याच्यासाठी बिल्ड केलेला होता. त्या वेळी हे करणं रास्तही असेल, पण त्याची नोंद कुठेच नव्हती. प्रत्येक अपडेटनंतर नवा कर्नल डिस्कवर यायचा आणि प्रत्येक रीबूटला जुनाच उठायचा. उबुंटूमध्ये ‘रीबूट हवा’ असं सांगणारी फाइल रीबूटबरोबर पुसली जाते, मग जुना कर्नल उठला तरी इशारा गायब! म्हणून इशाऱ्यावर विसंबू नका. चालू कर्नलची आवृत्ती दाखवणारं ‘युनेम -आर’ चालवा आणि जे दिसेल ते बसवलेल्या कर्नलच्या यादीशी दर वेळी ताडून पाहा. आम्ही ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बिल्ड केला, ग्रबमधली ती ओळ काढली आणि त्यानंतर सर्व्हर पुन्हा असा बसला नाही.

उलटी चूकही होते. नुसता आवृत्तीचा आकडा जुना दिसला म्हणून घाबरू नका. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्समध्ये जुन्या कर्नललाच दुरुस्त्या लावल्या जातात. त्याच घराण्यातलं सेंटओएस ७ शेवटपर्यंत ३.१० वरच राहिलं. मात्र ३० जून २०२४ला त्याचा आधार संपला, त्यामुळे ते अजून चालवत असाल तर खरंच बदला.

पुरावा पुसू देऊ नका

घाईघाईत पॉवरचं बटण दाबलं की स्क्रीनवरचा कॉल ट्रेस (कोसळताना कोणती फंक्शन चालू होती त्याची यादी) जातो, आणि त्यात तर उत्तर असतं. आधी मोबाइलने फोटो काढा. नंतर ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ने मागच्या बूटचे कर्नल संदेश पाहा. पण ‘/वार/लॉग/जर्नल’ फोल्डरच नसेल तर बऱ्याच ठिकाणी जर्नल, म्हणजे सिस्टीमचा लॉग, रॅममध्ये राहतं आणि रीबूटला नाहीसं होतं. तो फोल्डर आजच बनवा. पॅनिकच्या, म्हणजे कर्नल हात टेकून थांबतो त्या, क्षणी जर्नललाही लिहायला वेळ मिळेलच असं नाही, म्हणून कोसळताना मेमरीची प्रत (डंप) जपून ठेवणारं केडंप लावा. त्यासाठी बूटच्या ओळीत ‘क्रॅशकर्नल’ची मेमरी राखून ठेवावी लागते, हे विसरलात तर सर्व्हिस सुरूच होत नाही. लावल्यावर एखाद्या रविवारी सिसआरक्यूचा (कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या सोयीचा) ‘सी’ देऊन मशीन मुद्दाम पाडा आणि डंप मिळतो का बघा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांमुळे तसंही संस्थांना १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात.

‘कर्नल पॅनिक’ दिसलं म्हणून दोष कर्नलमध्येच आहे असंही धरू नका. जुलै २०२१मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने सिस्टमडीतला एक दोष उघड केला. सिस्टमडी ही कर्नलनंतर सुरू होणारी पहिली प्रोसेस. खूप लांब पाथवर फाइल सिस्टीम माउंट केली की सिस्टमडी कोसळायची, आणि पहिली प्रोसेस गेली की कर्नलही पॅनिकमध्ये जातो.

फोर्क बाँब आणि कर्नलचा दोष यांची गल्लत करू नका

फोर्क बाँब म्हणजे स्वतःच्याच प्रती काढत सुटलेला प्रोग्राम. आधी लोड चढतो, लॉगमध्ये ओओएम किलरच्या (मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या यंत्रणेच्या) ओळी येतात आणि मग मशीन संथ होत जातं, तर ते बहुधा मर्यादा न घातल्यामुळे. ‘लिमिट्स.कॉन्फ’मध्ये ‘एनप्रॉक’ आणि सिस्टमडीत ‘टास्क्समॅक्स’ या प्रोसेसच्या संख्येच्या मर्यादा ठरवा, काम भागतं. लोड अगदी सामान्य असताना मशीन एका क्षणात गेलं आणि दर वेळी ट्रेसमध्ये तेच फंक्शन असेल, तर पॅच शोधा. तिथे मर्यादांचा उपयोग नाही.

प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं डॉकर आहे म्हणून सुरक्षित, हाही समज सोडा. सगळ्या कंटेनरना कर्नल एकच असतो, तो पडला की सगळे एकदम जातात.

शेवटी, कर्नलला जोडली जाणारी पण न लागणारी मॉड्यूल बंद करा. एखाद्या प्रोग्रामने क्वचित वापरातल्या प्रोटोकॉलचं सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) मागितलं की कर्नल ते मॉड्यूल आपणहून लोड करतो. २०१७मध्ये डीसीसीपी या अशाच प्रोटोकॉलमधल्या दोषाने हेच दाखवलं. तो वर्षानुवर्षं तसाच पडून होता. नुसतं ‘ब्लॅकलिस्ट’ लिहून सगळ्या वाटा बंद होत नाहीत, ‘इन्स्टॉल डीसीसीपी /बिन/फॉल्स’ अशी ओळ ‘मॉडप्रोब.डी’मध्ये टाका.

आमच्या लॅबमध्येही तसंच झालं होतं. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने कोणकोणती सॉकेट उघडतात ते पाहायला एक लूप लिहिला होता. त्याला बोलावलं तेव्हा तो शिक्षेच्या तयारीने आला होता. मी त्याच्याकडून तो प्रोग्राम घेतला, नवा कर्नल बूट केला आणि त्यालाच तो पुन्हा चालवायला सांगितला. या वेळी एररच्या ओळी सरकत राहिल्या आणि मशीन चालूच राहिलं.