घरातला मोडी कागद वर्षभरात वाचायचा असेल, तर उद्दिष्ट कसे आखावे

‘मोडी लिपी शिकायची आहे’ असे मी सलग दोन पाडव्यांना ठरवले आणि दोन्ही वेळा वैशाख संपण्यापूर्वी वही बंद झाली. तिसऱ्या वर्षी मी वाक्य बदलले. आजोबांच्या पेटीत मुद्रांकावर लिहिलेले एक गहाणखत होते. ‘पुढच्या पाडव्यापर्यंत हे गहाणखत पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत बालबोधीत (म्हणजे देवनागरीत) उतरवीन’ असे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले, आणि त्या वर्षी काम पुरे झाले. बुद्धी तीच होती आणि वेळही तेवढाच होता. फरक पडला तो उद्दिष्टाला एक ठरलेला कागद मिळाल्यामुळे. म्हणून कोणतेही वैयक्तिक उद्दिष्ट कसे ठरवावे हे सांगताना मी मोडीचेच उदाहरण घेतो. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून आपल्या घराण्याचे जुने कागद स्वतः वाचावेत, अशी इच्छा असणाऱ्यांची संख्या वाढली आहे; त्यांनाही याचा थेट उपयोग होईल.

पहिले काम कागद निवडण्याचे. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती, त्यामुळे पुष्कळ घरांत खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र किंवा एखादे खासगी पत्र सापडते. नवशिक्याने शक्यतो इंग्रजी अमदानीतला कागद घ्यावा. त्यात तारीख इसवी सनात किंवा शकात असते, आणि मजकुराचा साचा ठरावीक असतो. घरातला एकमेव कागद पेशवाईतला असेल तर तोच अंतिम उद्दिष्ट म्हणून ठेवावा; मात्र मुदत एकाऐवजी दोन वर्षांची धरावी आणि पहिल्या वर्षासाठी दुसरा सोपा कागद मिळवावा. निवडलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, त्याला प्लास्टिकचे आवरण चिकटवून घेऊ नये. दिवसाच्या मंद उजेडात, फ्लॅश न वापरता त्याची छायाचित्रे काढावीत, मूळ कागद सुती कापडात गुंडाळून ठेवावा आणि पुढचा सगळा अभ्यास छायाचित्रावरून करावा.

उद्दिष्ट लिहिताना त्यात कागद, मुदत आणि ‘पुरे झाले’ हे ओळखण्याची खूण या तिन्ही गोष्टी याव्यात. माझी खूण अशी होती की, दर शंभर अक्षरांमागे न लागलेली अक्षरे पाचांपेक्षा अधिक नसावीत. अशी खूण ठरलेली नसली की माणूस अर्धवट कामालाच पुरे म्हणतो, नाहीतर पुरे झालेल्या कामावरही असमाधानी राहतो.

आता कामाचा आवाका मोजू. मराठी व्यंजने ३४ धरली, तर बाराखडीच्या हिशेबाने ४०८ आकार होतात; परंतु मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सहसा पाळला जात नाही, त्यामुळे हा आकडा ३४० च्या आसपास येतो. रोज एका व्यंजनाची बाराखडी आणि रविवारी उजळणी, असे धरले तर सहा आठवड्यांत सगळी अक्षरे एकदा हातून जातात. रोज अर्धा तास आणि वर्षातले ३०० दिवस धरले तर १५० तास होतात, आणि एका साध्या दस्तऐवजासाठी तेवढे पुरतात असा माझा अनुभव आहे. हा हिशेब प्रत्येकाने आपल्या वहीत स्वतः मांडावा. ज्याला रोज पंधराच मिनिटे मिळतात, त्याने ती गोष्ट आधीच मान्य करून मुदत वाढवावी.

हे सहा आठवडे वाचण्यापेक्षा लिहिण्यात घालवावेत, कारण मोडी ही हात न उचलता लिहिण्याची लिपी आहे. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे जोडत जायचे, ही तिची रीत आहे. अक्षर कोठून सुरू होते आणि कोठे वळते हे बोटांना कळले की डोळ्यांना ते लवकर ओळखू येते. जून २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि आता संगणकावरही तिचे टंक उपलब्ध आहेत. परंतु केवळ टंकातली अक्षरे पाठ करणाऱ्याला खऱ्या हस्ताक्षरापुढे थांबावे लागते. म्हणून घरच्या वाणसामानाची यादी, दिवसाचा खर्च, पाठ असलेला एखादा अभंग, असे ओळखीचे काहीतरी रोज मोडीत लिहावे आणि आठवड्यानंतर ते स्वतःच वाचून पाहावे. शक्य असेल तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या किंवा पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळाच्या मोडी वर्गाची चौकशी करावी. वर्ग अल्प मुदतीचा असला तरी शिक्षकासमोर हाताचे वळण एकदा दुरुस्त झाले की पुढचे अनेक महिने वाचतात.

यानंतर येणारा टप्पा सर्वांत कठीण असतो आणि बहुतेकांचे उद्दिष्ट येथेच सुटते, म्हणून त्याविषयी विस्ताराने लिहितो. अक्षरे येऊ लागलेली असतात, उत्साह असतो, आणि माणूस आपला कागद उघडतो. तेव्हा एक ओळसुद्धा लागत नाही. मोडी मजकुरात दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, आणि प्रत्येक लेखकाचा हात निराळा असतो. ही अडचण येणारच आहे हे आराखड्यात आधी लिहून ठेवले, तर ती आली म्हणजे आपल्यात काही कमी आहे असे वाटत नाही. या काळात रोजचे काम दोन ओळींवर आणावे, पण दिवस चुकवू नये. ओळ मोठ्याने वाचावी, कारण डोळ्याला न दिसणारा शब्द पुष्कळदा कानाला सापडतो. जे अक्षर लागत नाही तेथे टिंब द्यावे आणि पुढे जावे. अंदाजाने शब्द भरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. एक चुकीचा शब्द पुढच्या चार शब्दांना आपल्याकडे ओढून घेतो, आणि नाव किंवा जमिनीचा क्रमांक चुकला तर त्याचा त्रास पुढच्या पिढीला होतो.

याच टप्प्यावर साच्यातल्या मजकुराची मोठी मदत होते. पत्र असेल तर ‘विनंती विशेष’, ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’, ‘बहुत काय लिहिणे’, ‘हे विनंती’ अशी ठरावीक वाक्ये सुरुवातीला आणि शेवटी येतात; दस्तऐवजात ‘मौजे’, ‘बिन’ (म्हणजे अमक्याचा मुलगा), ‘साक्ष’ हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. हे शब्द आधी शोधून त्यांच्यातली अक्षरे वेगळ्या पानावर उतरवावीत, म्हणजे त्या लेखकाच्या हाताची एक स्वतंत्र वर्णमाला तयार होते आणि उरलेला मजकूर तिच्याशी ताडून पाहता येतो. रकमांपुढच्या उभ्या रेघा पाव, अर्धा आणि पाऊण दाखवतात, हेही लक्षात ठेवावे. जुन्या कागदात शुहूर सन, म्हणजे त्या काळच्या एका कालगणनेतले वर्ष, अरबी शब्दांत दिलेला असतो: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७२. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७१-७२ येते. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलत असल्यामुळे दोन सन लिहावे लागतात.

प्रगती मोजण्यासाठी वहीच्या डाव्या पानावर मोडी ओळ आणि उजव्या पानावर बालबोध उतारा लिहावा, आणि दर महिन्याच्या अखेरीस त्याच दहा ओळी नव्याने वाचून टिंबे मोजावीत. पहिल्या महिन्यात माझी टिंबे अक्षरांपेक्षा जास्त होती. सहाव्या महिन्यात दहा ओळींत वीस उरली. किती तास बसलो या आकड्यापेक्षा टिंबांचा आकडा मला अधिक खरा वाटतो. सलग दोन महिने टिंबे कमी झाली नाहीत, तर पद्धत बदलावी, जाणकाराला एक ओळ दाखवावी, किंवा त्याच काळातला दुसरा कागद महिनाभर वाचावा. आजारपण, परीक्षा, घरातले कार्य यांमुळे मागे पडल्यास मुदत सरळ पुढे ढकलावी. कागद मात्र बदलू नये, कारण त्या एका हाताची जमलेली ओळख कागद बदलला की पुष्कळशी वाया जाते.

घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीला सोबत घ्यावे, असाही माझा आग्रह आहे. माझ्या गहाणखतातले शेताचे नाव मला दोन महिने लागत नव्हते. आत्याला ओळ वाचून दाखवताच तिने ते नाव उच्चारले आणि ते शेत ओढ्याच्या कोणत्या अंगाला होते तेही सांगितले. अशी माणसे आज आहेत तोवर विचारून घ्यावे.

कागद पुरा झाला की स्वच्छ प्रत काढावी, तीत टिंबे जशीच्या तशी ठेवावीत, तारखेचे रूपांतर आणि व्यक्ती व गावांची यादी जोडावी, आणि एक प्रत मूळ कागदाशेजारी पेटीत ठेवावी. शेवटच्या ओळी घाईने उरकू नयेत. साक्षीदारांची नावे आणि ‘बिकलम’ या शब्दापुढे लिहिणाऱ्याचे नाव तेथेच असते, आणि ज्या कुणब्याला लिहिता येत नव्हते त्याच्या नावापुढे निशाणी म्हणून नांगर काढलेला असतो. प्रतीत तो नांगरही काढावा.