सर्टिफिकेटांच्या मुदतीआधीची तयारी, रेडियस धरून

सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी, ठरावीक मुदतीची डिजिटल फाइल. अशी सर्टिफिकेटे कुठे कुठे आहेत याची प्रथम यादी करावी, आणि ती आठवणीवर विसंबून करू नये. सार्वजनिक सीएकडून (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून) घेतलेली सर्टिफिकेटे शोधणे सोपे आहे, कारण सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या खुल्या नोंदींत आपले डोमेन शोधले की कोणी कधी तरी चाचणीसाठी उघडलेली उपडोमेनेही समोर येतात. अंतर्गत सीएने दिलेली सर्टिफिकेटे तिथे दिसत नाहीत. ती त्या सीए सर्व्हरवरूनच काढावी लागतात. वेबसाइट आणि मेल कोणी विसरत नाही, म्हणून ते सोडून देतो. व्हीपीएन गेटवे, लोड बॅलन्सर, वायफाय कंट्रोलर, फायरवॉलचे व्यवस्थापन पान आणि रेडियस सर्व्हर (वायफायवर येणाऱ्याची ओळख तपासणारा) यांची नोंद झाली आहे का, ते पाहावे. त्यातही रेडियस वेगळ्या ओळीवर लिहावा. मागच्या खेपेस माझ्या यादीत तोच नव्हता, आणि सकाळी कार्यालयातील एकही लॅपटॉप वायफायवर येईना.

रेडियस निसटतो याला कारण आहे. त्याचे सर्टिफिकेट कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडत नाही, लॅपटॉप ८०२.१एक्सने (ओळख तपासूनच नेटवर्कवर घेण्याच्या पद्धतीने) वायफायवर येतो तेव्हा ईएपी या ओळख-तपासणीच्या देवाणघेवाणीतच ते पुढे केले जाते. त्यामुळे वेबसाइटच्या ४४३ पोर्टवर जाऊन मुदत तपासणारी देखरेख सर्व काही ठीक असल्याचेच सांगत राहते. ही देवाणघेवाण करून पाहणारे ईएपीओएल टेस्ट हे साधन वापरावे, नाहीतर सर्व्हरवर जाऊन तारीख वाचावी. रेडियस सर्व्हर दोन असतील तर दोन्हींवर जाऊन वाचावी.

नवे सर्टिफिकेट चढवले की काम संपले, असेही इथे नसते. लॅपटॉपच्या वायफाय प्रोफाइलमध्ये कोणत्या सीएवर आणि कोणत्या सर्व्हरच्या नावावर विश्वास ठेवायचा हे ठरलेले असते, आणि सीए बदलला तर निर्दोष सर्टिफिकेटही नाकारले जाते. म्हणून नवे रूट सर्टिफिकेट (सीएचे स्वतःचे मूळ सर्टिफिकेट) आणि सुधारित प्रोफाइल ग्रुप पॉलिसीने किंवा एमडीएमने, म्हणजे लॅपटॉपांवर दुरून सेटिंग पाठवणाऱ्या व्यवस्थेने, आधी पोहोचवावे, रजेवर असलेल्यांचे लॅपटॉप परत येईपर्यंत थांबावे, आणि मगच रेडियसवरील सर्टिफिकेट बदलावे. क्रम उलटा झाला, तर दुरुस्ती ज्या नेटवर्कवरून पाठवायची तेच बंद असते. विंडोजच्या एनपीएस या रेडियस सर्व्हरवर ईएपी-टीएलएस (लॅपटॉपही सर्टिफिकेट दाखवतो ती पद्धत) असेल, तर अंतर्गत सीएची सीआरएलही (रद्द केलेल्या सर्टिफिकेटांची यादी) ताजी आहे का ते पाहावे. ती शिळी झाली की मुदतीत असलेली सर्टिफिकेटेही नाकारली जातात. रूट सीए बंद करून कपाटात ठेवलेला असतो, आणि त्याची नवी सीआरएल प्रसिद्ध करायची आठवण कोणालाच राहत नाही.

कॅलेंडरमधील वार्षिक आठवणीवर आता भागणार नाही. सार्वजनिक टीएलएस सर्टिफिकेटांची कमाल मुदत ३९८ दिवस होती. सीए आणि ब्राउझर कंपन्यांच्या सीए/ब्राउझर फोरम या मंचाच्या २०२५ च्या निर्णयानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस ठरली आहे. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेटे देणाऱ्या सीएने मुदत संपत आल्याचे ई-मेल पाठवणे जून २०२५ मध्ये थांबवले. जिथे एसीएमई (सर्टिफिकेट आपोआप मागवण्याची पद्धत) चालते तिथे नूतनीकरण स्वयंचलित करावे, पण फाइल बदलली म्हणजे सेवेने ती वाचली असे नाही, हे लक्षात ठेवून रीलोडची आज्ञाही त्यात घालावी. जी उपकरणे एसीएमई जाणत नाहीत त्यांची वेगळी यादी करावी, आणि पुढच्या खरेदीच्या वेळी विक्रेत्याला हा प्रश्न आधी विचारावा.

मुदतीची वेळ यूटीसीमध्ये असते. रात्री २३:५९ ला संपणारे सर्टिफिकेट आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५:२९ ला संपते, म्हणजे नेमके कोणीच कार्यालयात नसताना. एनटीपी (घड्याळ बरोबर ठेवणारी सेवा) चालू आहे का, हेही पाहावे.

इंटरमीजिएट सर्टिफिकेट (आपले सर्टिफिकेट रूटशी जोडणारे मधले) सर्व्हरवर बसवावेच. ब्राउझर ते बहुधा स्वतः मिळवतो, म्हणून आपल्या संगणकावर सगळे ठीक दिसते आणि मोबाइल ॲप किंवा जावाचा प्रोग्राम मात्र अडतो. रहदारी तपासणारी सुरक्षा उपकरणेही यादीत घ्यावीत: इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीत अशाच एका उपकरणाचे सर्टिफिकेट अनेक महिने मुदतबाह्य होते, आणि जुलै २०१७ मध्ये ते बदलल्यावर घुसखोरी दिसली. उपकरणाने स्वतःच बनवलेल्या सर्टिफिकेटांवरही भिस्त ठेवू नये. सिस्कोच्या नेटवर्क उपकरणांतील आयओएस या प्रणालीच्या अनेक आवृत्त्यांनी बनवलेली अशी सर्टिफिकेटे १ जानेवारी २०२० ला एकदम संपली.

सर्टिफिकेटाबरोबर उपकरणाचे फर्मवेअर, म्हणजे त्याचे अंगभूत सॉफ्टवेअर, बदलायचे असेल तर रिलीज नोट्स पूर्ण वाचाव्यात, कॉन्फिगरेशनचा बॅकअप उपकरणाबाहेर ठेवावा, परत फिरण्यासाठी जुनी प्रतिमा हाताशी असावी आणि जोडीतील राखीव उपकरण आधी अद्ययावत करावे. कन्सोल केबल खरोखर चालते का, हे बदलाच्या रात्री नव्हे, आदल्या दिवशी पाहावे.

बदलाच्या रात्री ८०२.१एक्स नसलेल्या पोर्टला तारेने जोडलेला एक लॅपटॉप तयार ठेवावा. बदल झाल्यावर प्रत्येक सेवा बाहेरून तपासावी, आणि रेडियस खऱ्या लॅपटॉपने, खऱ्या वायफायवर, पहिला सर्व्हर बंद करून दुसऱ्यावरही तपासावा. पुढची तारीख नोंदवावी, जुने सर्टिफिकेट रद्द करावे, आणि खासगी की डाउनलोड फोल्डरमध्ये राहिली असेल तर ती तिथूनही पुसावी.