मार्कडाउनमध्ये जाऊन आलेल्या नोटबुकचे टॅग कसे टिकवावेत

ज्युपिटर नोटबुकचं (कोड, मजकूर आणि आउटपुट वेगवेगळ्या सेलमध्ये म्हणजे कप्प्यांत ठेवणारी फाइल) मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुराची फाइल करायची तर एनबीकन्व्हर्ट हे साधन वापरा, हा सल्ला जिथे तिथे मिळतो. नुसती वाचायची प्रत हवी असेल तर ठीक. पण त्या फाइलवरून नोटबुक पुन्हा जशीच्या तशी उभी राहत नाही: सेलचे टॅग (त्यांवर लावलेल्या खुणा) गळतात, आउटपुट मजकुरात मिसळतं. नोटबुक ते मार्कडाउन आणि परत अशी जा-ये करायची असेल तर ज्युपिटेक्स्ट हेच साधन.

पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या पिपने ते टाका. ‘सेट-फॉरमॅट्स’ पर्यायाला आयपीवायएनबी (नोटबुक) आणि एमडी (मार्कडाउन) ही जोडी द्या. शेजारी मार्कडाउन फाइल तयार होते.

खरी गोम टॅगमध्ये आहे. समजा, सांगलीच्या हळद सौद्यांच्या भावांची नोटबुक आहे. ‘बाजार’ला ‘सांगली’ हे मूल्य देणाऱ्या सेलवर ‘पॅरामीटर्स’ टॅग आहे आणि तीच नोटबुक पेपरमिलने (नवी मूल्यं घालून नोटबुक चालवणारं साधन; मूल्य कुठे घालायचं ते या टॅगवरून ओळखतं) हिंगोलीसाठी चालवायची आहे. मार्कडाउनमध्ये हा टॅग कोड सुरू करणाऱ्या तीन बॅकटिकच्या (`) ओळीवर, ‘पायथन’ शब्दाच्या पुढे बसतो. कचरा समजून कुणी तो पुसला, की पेपरमिल ‘हिंगोली’ नोटबुकच्या अगदी वर घालतं. मग खालचा मूळ सेल चालतो आणि पुन्हा ‘सांगली’ करून ठेवतो. एरर येत नाही; हिंगोलीच्या फाइलमध्ये सांगलीचे भाव बिनबोभाट छापले जातात. त्या ओळीला हात लावू नका आणि कुणाला लावू देऊ नका.

फाइल ‘स्वच्छ’ दिसावी म्हणून ज्युपिटेक्स्टच्या सेल मेटाडेटा फिल्टरला (सेलची टॅगसारखी जादा माहिती फाइलमध्ये किती लिहायची ते ठरवणारी सेटिंग) ‘वजा ऑल’, म्हणजे ‘सगळं वगळा’, देण्याची टूम आहे. ती उचलू नका, तसं केलं तर टॅग मार्कडाउनमध्ये उतरतच नाहीत. फारच गर्दी वाटली तर ‘टॅग्ज, वजा ऑल’ द्या, म्हणजे टॅग तेवढे राहतात.

एडिटरचा फॉरमॅटरही (मांडणी आपोआप नीटनेटकी करणारी सोय) या फाइलपुरता बंदच ठेवा. लागोपाठचे दोन मजकूर सेल इथे दोन रिकाम्या ओळींनी वेगळे होतात. फॉरमॅटरने त्यातली एक खाल्ली, की दोन्ही सेल एक झालेच. आणि बॅकटिकपुढे भाषेचं नाव नसेल तर तो कोड सेल न होता मजकुरातच राहतो.

मार्कडाउनवरून नोटबुककडे परत येताना ज्युपिटेक्स्टच्या ‘टू नोटबुक’ पर्यायासोबत ‘अपडेट’ हवाच. तो विसरलात तर जुनी आउटपुटं गेली, कारण मार्कडाउनमध्ये ती नसतातच. ‘अपडेट’ दिलं तरी ज्या सेलचा कोड बदललाय त्याचं आउटपुट जातं. तेवढा सेल पुन्हा चालवा.

शेवटी ज्युपिटरलॅबच्या (नोटबुक उघडायचं ॲप) प्रॉपर्टी इन्स्पेक्टरमध्ये पॅरामीटर्सचा सेल उघडून टॅग जागेवर आहे का ते पाहा. पेपरमिल त्यानंतरच चालवा.